पुठ्ठ्यावरची माफी

त्या रविवारी सकाळी आमच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत तीसेक माणसं कोंबली होती, तितकीच बाहेर ताटकळत होती, आणि सगळ्यांचे डोळे खाटेवरच्या माझ्या ताईकडे लागले होते. मेंदूत रक्ताची गाठ होऊन तिचं सारं अंग निकामी झालं, वाचा गेली, त्याला दहा महिने झाले होते. आज ती बोलणार होती.

तिला बोलतं करणाऱ्याला लोक वाचागुरू म्हणत. कडक इस्त्रीचा शर्ट, लोण्यासारखा आवाज. त्याच्याकडे अक्षरं लिहिलेला एक पुठ्ठा होता. ताईचा हात तो आपल्या तळव्यावर घेई आणि तिचं बोट त्या अक्षरांवरून फिरू लागे. काना, मात्रा, वेलांट्या पुठ्ठ्यावर नव्हत्याच.

"आत्म्याला वेलांटीचं काय काम?" तो म्हणायचा. "अक्षरं त्यांची, काना-मात्रा आपण लावून घ्यायच्या. मी नुसता टेकू आहे."

बोट 'म'वर गेलं. मग 'फ'. मग 'क', 'ल'.

"माफ केलं," त्याने वाचलं आणि माझ्याकडे वळला. "कुणाला, ते तुम्हीच जाणा, प्राध्यापकसाहेब."

मी सगळ्यांदेखत रडलो. आदल्याच आठवड्यात चहा घेताना मी माझी सगळी कहाणी त्याला सांगून टाकली होती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही.

कहाणी एवढीच. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. लग्न केलं नाही, ताईकडेच राहायचो. त्या सकाळी तिच्या हातून कप पडला. "हात जड झालाय रे, डॉक्टरकडे जाऊ या का?" ती म्हणाली. मी बुटाची नाडी बांधत म्हणालो, "हातावर झोपली असशील. संध्याकाळी बघू." मला तासाला उशीर होत होता. विषय होता संशय. चारशे वर्षांपूर्वी एका विचारवंताने ठरवलं की ज्यावर तसूभरही शंका घेता येते ते सगळं आधी बाजूला ठेवायचं. डोळे फसवतात, स्वप्नं फसवतात, कुणी बलाढ्य लबाड आपल्याला अखंड फसवत असेल असंही धरून चालायचं. शेवटी हाती एकच उरतं: शंका घेणारा कुणीतरी आहे. हे सगळं मी त्या दिवशी फार रंगवून सांगितलं. चार वाजता घरी आलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती.

त्या 'माफ केलं'नंतर मी उभा राहून लोकांना म्हणालो, "संशय घेणं हा माझा धंदा आहे. पण इथे संशयाला जागा नाही." देह यंत्र आहे, मन वेगळं आहे, यंत्र बिघडलं तरी आतलं माणूस शाबूत असतं, असंही वर ऐकवलं. पुढच्या रविवारी हीच वाक्यं वाचागुरूच्या तोंडी आली. गर्दी दुप्पट झाली. लोक आपापली न बोलणारी माणसं त्याच्याकडे नेऊ लागले, कारण प्राध्यापकाने ग्वाही दिली होती.

मग पुठ्ठ्याने सांगितलं, 'नर्स नको.' ताईला कुशीवर वळवायला, पुसायला नर्सबाई रोज येत. भाचीने, म्हणजे ताईच्या मुलीने, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आईची इच्छा आहे ना, मग राहू दे." नर्सबाई आठवड्यातून एकदाच येऊ लागल्या.

अडीच महिन्यांनी एका दुपारी त्यांनी मला खाटेपाशी बोलावलं. ताईला कुशीवर केलं होतं. कमरेच्या खाली एकाच बाजूवर पडून पडून तळहाताएवढी जखम झाली होती, आतून ओली.

"ताईंनीच नको म्हटलं, असं तुम्ही सांगितलंत," नर्सबाई बोळा बदलत म्हणाल्या. "ते म्हटलं तेव्हा त्या बघत कुठे होत्या?"

"कुठे म्हणजे?"

"छताकडे. मी दारात उभी होते. सर, छताकडे बघत पुठ्ठ्यावरचं अक्षर लावता येतं का? तुम्ही लावून बघा."

मी लावून पाहिलं. एकही अक्षर धड लागलं नाही.

भाचीला सांगितलं तर ती भडकली. "मामा, आई माझ्याशी बोलते ते तुला बघवत नाही का?" तरी रविवारी मी दोघांच्या चेहऱ्यांमध्ये एक मोठा पुठ्ठा आडवा धरला. एका बाजूचं चित्र ताईला दिसणार, दुसऱ्या बाजूचं वाचागुरूला. त्याला म्हटलं, लोकांची खात्री पटवू या. पहिल्यांदा दोन्हीकडे घड्याळ होतं. बोटाने बरोबर 'घ ड य ळ' लावलं, टाळ्या पडल्या. मग ताईला कात्री दाखवली, त्याला पेला. बोट गेलं 'प'वर, मग 'ल'वर.

"पेला," तो खुशीत म्हणाला.

पाच चित्रं झाली. पाचही त्याच्या बाजूची. मी पुठ्ठा फिरवून सगळ्यांना दाखवला.

"शंकेच्या लहरींनी वाचा तुंबते," तो म्हणाला, पण आवाजातलं लोणी गेलं होतं. तो निघून गेला. तो आम्हाला फसवत होता की आपलाच हात ढकलतोय हे त्यालाही कळत नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं मात्र ठरलंय: मला फसायचं होतं.

दारातल्या एका गृहस्थाने मला थांबवलं. त्यांचा मुलगा अपघातापासून मुका होता. "सर, तुमच्या शब्दावर आलो होतो. मग पुठ्ठ्यावर माझा मुलगा जे काय बोलला, ते?"

"ते त्याचं नव्हतं," मी म्हणालो. ते मान हलवत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी ताईला सांगितलं, "हो असेल तर डोळे दोनदा मिटा, नाही असेल तर एकदा." मी यावरही शंका घेतली. नर्सबाईंना बाहेर पाठवून ताईला वस्तू दाखवायचो, मग त्या आत येऊन एकेक नाव विचारायच्या. सहापैकी सहा बरोबर निघाल्या. ताई शुद्धीत होती, वर्षाहून जास्त काळ सगळं ऐकत होती. "दुखतंय?" दोनदा. "पुठ्ठ्यावर तुम्ही बोलत होता?" एकदा. भाची तिच्या पायांवर डोकं ठेवून बसून राहिली.

शेवटी मी विचारलं, "त्या सकाळी तुला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मला माफ केलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे एकदा मिटले.

मी पुन्हा विचारलं नाही. उठलो आणि तिला कुशीवर वळवलं. आता रोज दर दोन तासांनी वळवतो.

तुमच्या घरी असं कुणी असेल आणि एखादा त्याला बोलतं करायला आला, तर जे ऐकून सगळ्यात जास्त बरं वाटेल त्याच्यावर सगळ्यात आधी शंका घ्या. मध्ये पुठ्ठा धरा, दोन चित्रं दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. मला अडीच महिने लागले, आणि ते सगळे दिवस ताई त्या जखमेवर पडून होती.