बिनअक्रोडाची वाटी

पहिलं अंडं कचऱ्याच्या डब्यात गेलं आणि टरफल भांड्यात पडलं. काकूंनी भांड्यात वाकून पाहिलं, मग डब्यात पाहिलं, आणि नेमकं काय चुकलंय ते क्षणभर त्यांना कळेचना.

"झालं!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आता पाहुण्यांना टरफलांचा केक वाढा."

आयुष्यभर बेकरीत केक केलेली बाई ही. गुडघे बोलायला लागले तेव्हा कुठे मालकानं नाइलाजानं सोडलं. अख्खा मोहल्ला त्यांना केकवाल्या काकू म्हणून ओळखायचा. एका हातानं अंडं फोडावं, पिवळा बलक टरफलातल्या टरफलात झुलवावा आणि पांढरं अलगद खाली सोडावं, हे काम काकू शेजारणीशी गप्पा मारता मारता करायच्या. आणि आज, ज्या दिवशी केक बिघडून चालणारच नव्हता, त्या दिवशी हात परक्या बाईचे असल्यासारखे वागत होते.

केक होता सुनेच्या लग्नाचा.

हे वाक्य काकूंनी मनातल्या मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. दरवेळी ते कुठेतरी अडायचंच. मुलगा जाऊन काही वर्षं झाली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि धडधाकट माणूस हा हा म्हणता गेला. पोरबाळ नव्हतं. सून माहेरी गेली नाही. दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी करायची, संध्याकाळी घरी यायची, काकूंच्या गुडघ्यांना तेल चोळायची. सासू-सुनांचं कधी वाजलं नाही असं नाही, चांगलं वाजायचं. पण वाजायला तरी घरात दुसरं माणूस होतं ना.

आणि मजा म्हणजे हे सगळं काकूंनीच घडवून आणलं होतं. पोरगी नुसती घर आणि दवाखाना, दवाखाना आणि घर करते म्हणून त्यांनीच तिच्या मागे धोशा लावला, काहीतरी शीक, चार माणसांत जा, गाडी तरी शीक. सून गाडी शिकायला गेली. गाडी शिकायला लागतात त्यापेक्षा बरेच जास्त दिवस ती शिकत राहिली. शेवटी एके दिवशी जेवताना, ताटातला घास इकडून तिकडे ढकलत, तिनं सांगितलं की शिकवणारा माणूस चांगला आहे. काकू लगेच म्हणाल्या, मग कर की लग्न, तुझं वय काय आहे असं. म्हणून बसल्या आणि रात्रभर छताकडे बघत राहिल्या. आपणच म्हटलं त्याचा आपल्यालाच एवढा राग का यावा, हे त्यांना तेव्हाही उमगलं नाही आणि आजही उमगत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई सकाळी साखर मागायला आल्या आणि जाता जाता विचारून गेल्या की काकू, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या? मुलाकडच्या तर काकू नव्हत्याच. मुलीकडच्या म्हणावं, तर मुलीची आई गावाहून येऊन लग्नाच्या हॉलवर पोचलीसुद्धा होती. त्या नवऱ्या मुलाला जावई म्हणावं तर पोटची मुलगी नाही, आणि सुनेच्या नवऱ्याला म्हणायला तर त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो आपल्या मुलासाठी होता. मावसभावाच्या मेव्हणीलासुद्धा नाव देणारे आपण, आणि इथं मात्र सगळे मुके.

खरी भीती त्याच्या पुढची होती. आजपर्यंत ही पोर आपल्याला आई म्हणत आली. उद्यापासून ती दुसऱ्या घरात दुसऱ्या बाईला आई म्हणणार. मग आपण कोण? सणासुदीला भेटायला येणारी जुनी ओळख? तेही चार दिवस, आणि मग फोनवर "कशा आहात?" आणि हा प्रश्न डोक्यात घेऊन काकूंना तीन थरांचा केक करायचा होता.

कारण सुनेनं एकच मागणं मागितलं होतं. दागिने नको, साडी नको, "केक तुम्ही करायचा, आई. तो चॉकलेटचा, खोबऱ्याचा."

तर काकूंनी दुसरं अंडं घेतलं. मैद्यात कोको चाळला, घातला, आणि घातला की नाही ते विसरून पुन्हा चाळायला घेतला. मग पिठाचा रंग बघून थांबल्या. ताक ओतलं. पांढरं फेटून फेटून घट्ट केलं आणि हलक्या हातानं मिसळलं. तीन डबे ओव्हनमध्ये गेले तेव्हा त्यांनी खुर्चीत बसून घेतलं आणि केक फुगतोय की नाही हे काचेतून असं बघत राहिल्या, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतायत. केक फुगला. जीव भांड्यात पडला.

पुढच्या खोलीत शिलाई मशीन खडखडत होतं. काकूंचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, काकूसुद्धा. नवऱ्या मुलाचा कोट मास्तरच शिवत होते. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच टेप घेऊन उठले होते. माप घेऊन झाल्यावर ते काकूंना एवढंच म्हणाले की खांद्यात रुंद आहे. कोणापेक्षा, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि काकूंनीही विचारलं नाही.

थर निवायला ठेवून काकू आयसिंगकडे वळल्या. हे आयसिंग म्हणजे चंचल काम. अंड्यांचे पिवळे बलक, आटीव दूध, साखर आणि लोणी मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. हात थांबला की बलकाच्या गाठी झाल्याच. काकू ढवळत राहिल्या. ढवळताना त्यांच्या डोक्यात फिरत होतं मुलाचं लग्न, मग त्याचा दवाखाना, मग आज हॉलवर बसायचं कुठे, आणि पुन्हा लग्न, पण आता ते पहिलं का दुसरं, याचीच सरमिसळ व्हायला लागली. दाटपणा आला. खोबऱ्याचा कीस पडला. भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे पडले. मग एक थर, वर आयसिंग, दुसरा थर, वर आयसिंग, तिसरा थर आणि पुन्हा आयसिंग. बाजू उघड्याच ठेवायच्या, थर दिसले पाहिजेत. केक उभा राहिला. डौलदार झाला होता, त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

पातेलं घासायला उचललं तर त्यामागे वाटी. वर बशी झाकलेली.

काकूंनी बशी उचलली. आत आयसिंग होतं. खोबरं घातलेलं, अक्रोड नसलेलं, आणि शेजारी स्वच्छ पुसलेली वेगळी सुरी.

"अहो," त्यांनी हाक मारली, "तुम्ही आत आला होतात का?"

मशीन थांबलं. मला तुमच्या स्वयंपाकघरात येऊ कोण देतं, असं मास्तर म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

काकूंनी वाटी उचलून पाहिली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. वाटी त्यांनीच काढली होती. मुलगा लहान असताना त्यानं अक्रोडाचा एक तुकडा खाल्ला आणि त्याचा गळा असा सुजला की श्वास अडकला. तेव्हापासून या घरात हा केक झाला की अक्रोड घालायच्या आधी आयसिंगची एक वाटी बाजूला निघायची. तिची सुरी वेगळी. केकचा पाव भाग नुसत्या खोबऱ्याचा. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी वाटी निघतच राहिली. लग्नानंतर तर सूनही त्याच बाजूचा केक खायला लागली. नवरा-बायकोत अक्रोड कशाला मधे, हे सासूला काही फोड करून सांगावं लागलं नाही. तो गेल्यावर हा केक घरात झालाच नव्हता. पण हाताला कोणी सांगितलंच नव्हतं की तो गेला.

सून दारात कधी येऊन उभी राहिली ते काकूंना कळलं नाही. अर्धे केस वर बांधलेले, अर्धे मोकळे, ओठांत दोन पिना. तिनं केक पाहिला, हसली. मग वाटी पाहिली.

"मी नाही काढली गं," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "हातानंच काढली."

सुनेनं तोंडातल्या पिना काढल्या. ती येऊन वाटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "आज मी अक्रोडाचा केक खाणार आहे."

काकूंनी बशी वाटीवर परत ठेवली.

"हॉलवर तो मला पहिला घास देईल ना, तेव्हा नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू का... मला आवडतात अक्रोड. लहानपणापासून आवडतात." तिनं हातातल्या पिना ओट्यावर ठेवल्या. "खाऊ ना?"

काकूंना एकदम इतकं वाटून आलं, की त्यातलं काय आधी धरावं ते समजेना. राग आला. माझ्या मुलाची शेवटची सवयही तू आज सोडणार, असं वाटलं. आणि त्याच दमात पोरीची कीव आली, की एवढी वर्षं हिला आवडतात आणि हिनं तोंडातून शब्द काढला नाही, तो गेल्यावरसुद्धा नाही. आणि आता लग्नाच्या दिवशी, एवढी शिकलेली, कमावती बाई, एका अक्रोडासाठी आपली परवानगी मागतेय. आपण नाही म्हटलं असतं तर तिनं खाल्ला नसता, हेही काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळेच तर त्या जास्त गोंधळल्या.

चिरायच्या पाटावर अक्रोडाचे उरलेले तुकडे पडले होते. काकूंनी त्यातला मोठा उचलला.

"आ कर," त्या म्हणाल्या.

सुनेनं तोंड उघडलं. काकूंनी तुकडा आत घातला. ती चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. काकू मात्र सवयीनं तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या, घास उतरेपर्यंत. काही सुजलं नाही. पोरीनं नीट गिळलं आणि ती काकूंच्या गळ्यात पडली. केसांचं वाटोळं होईल म्हणून काकूंनी तिला दूर केलं, आणि पुन्हा स्वतःच जवळ घेतलं.

त्या वाटीचं काय करावं हे मात्र त्यांना सुचलं नाही. टाकवेना आणि केकला लाववेना. त्यांनी ती तशीच झाकून फ्रिजमध्ये ठेवली. आल्यावर बघू.

दुपारी सून आणि मास्तर टॅक्सीनं पुढे गेले. केक सांभाळून न्यायला नवरा मुलगा स्वतःच येणार होता, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन. तो आला, कोट घातला. कोट अंगासरसा बसला. काकूंसमोर हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं ते कोटाच्या खिशात घातले आणि लगेच काढले. जिन्यात, केकचा खोका दोन्ही हातांत धरून, पुढे बघत त्यानं विचारलं की मी तुम्हाला काय म्हणू. मला तरी कुठं माहीत आहे, असं काकू म्हणाल्या. त्याला बहुतेक तेच उत्तर सोयीचं वाटलं, कारण त्यानंतर तो जरा मोकळा चालायला लागला.

खोका मांडीवर घेऊन काकू पुढे त्याच्या शेजारी बसल्या. बसल्या आणि पायाला काहीतरी लागलं.

"तो ब्रेक आहे," तो म्हणाला. "एरवी शिकाऊ माणूस इकडे बसतो आणि मी तिथं. त्यानं चूक केली तर मी तिथून गाडी थांबवतो."

काकूंनी पाय मागे घेतला. गाडी निघाली. तो इतकी हळू चालवत होता की सायकली पुढे जात होत्या. बेकरी गेली, दवाखाना गेला, आणि हॉलकडे वळणारा रस्ता समोर दिसायला लागला. काकूंचा पाय आपोआप पुढे सरकला आणि त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी भर रस्त्यात थांबली. खोका मांडीवर जरासा पुढे सरकला, काकूंनी तो गच्च धरला. मागून भोंगे सुरू झाले. आता हा काय म्हणणार, म्हणून त्या कानकोंड्या होऊन बसल्या. त्यानं गाडीचे लुकलुकणारे दिवे लावले, खिडकीतून हात काढून मागच्यांना पुढे जायला सांगितलं आणि गाडी बंद करून समोर बघत बसला.

"घाई नाही," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तुमच्याशिवाय ती आत पाऊल ठेवणार नाही म्हणालीय. दारातच उभी आहे."

काकूंनी खोक्याच्या झाकणाच्या फटीतून आत पाहिलं. केक जागच्या जागी होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पाय ब्रेकवरून उचलला आणि सीटच्या खाली, पार मागे नेऊन ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "पण वाटलं तर पुन्हा दाबीन."

"दाबा," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.