बेचाळीस जणांचा फोटो

आधीच सांगते, कल्पना माझी नव्हती. पोस्टमास्तरांची होती. पण गावात कोणालाही विचारा, खापर माझ्याच डोक्यावर फोडतील, कारण कॅमेरा माझा.

लढाईचं तिसरं वर्ष होतं. धडधाकट पोरं आघाडीवर गेलेली, आणि मागे उरलेल्यांनी गृहरक्षक तुकडी काढलेली. माणसं अकरा. पोस्टमास्तर कप्तान झाले, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती. बेकरीवाला होता, खाटीक होता, असेच आणखी सातजण, कुणाचं पोट सुटलेलं तर कुणाचे दात पडलेले. आणि अकरावे आमचे हे. हे शाळेत भूगोल शिकवायचे. अंगाने काडी, पाय लांबच लांब आणि गुडघे चालताना एकमेकांवर आपटणारे. पोरं त्यांना मागून बगळे मास्तर म्हणायची. तोंडावरही म्हणायची, कारण यांना राग म्हणून येत नसे. आमच्या घरात दोघांच्या वाट्याचा राग मी एकटीच करते.

तुकडीचं काम म्हणजे वाळूची पोती रचायची, पुलावर पहारा द्यायचा आणि खिडक्यांना काळा कागद लावा म्हणत फिरताना बायकांची बोलणी खायची. छान चाललं होतं. मग वरून पत्र आलं. ज्या तुकडीत चाळीसपेक्षा कमी माणसं असतील ती मोडायची आणि तिची माणसं बंदरावर पाठवायची. बंदर दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि मुक्काम लढाई संपेपर्यंत. पुरावा म्हणून सबंध तुकडीचा फोटो आठ दिवसांत पाठवायचा.

आमचा एकुलता एक मुलगा आधीच आघाडीवर होता. त्याने एक फोटो पाठवला होता, खंदकात ओळीने बसलेली वीस पोरं, आमचा डावीकडून तिसरा. हे रोज संध्याकाळी माझ्या फोटो स्टुडिओत येऊन माझं भिंग घ्यायचे आणि तो फोटो बघत बसायचे. बूट ओले दिसतात म्हणायचे. आता हेही गेले तर घरात मी आणि माझा आवाज, दोघेच उरणार. मी दिवसभर यांच्यावर खेकसते, मान्य आहे. पण खेकसायला समोर माणूस लागतं की नाही? मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

तेव्हा पोस्टमास्तर स्टुडिओत आले आणि दार लावून म्हणाले, "वहिनी, तुमच्या वडिलांचा तो फिरता कॅमेरा चालतो का अजून?"

हा कॅमेरा वेगळा. चावी दिली की तो स्टँडवर स्वतःभोवती सावकाश एक पूर्ण चक्कर मारतो, आणि समोर येईल ते लांबलचक फिल्मवर टिपत जातो. चकरेला दीड मिनिट लागतं. शाळेच्या फोटोत वांड पोरं काय करतात, एका टोकाला फोटो निघाला की कॅमेऱ्याच्या मागून पळत दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहतात. एकाच फोटोत दोनदा. पोस्टमास्तर लहानपणी दोनदा आले होते, आणि त्याची शेखी अजून मिरवतात.

"अकरा चोक चव्वेचाळीस," ते म्हणाले.

मी म्हटलं, "डोकं फिरलंय तुमचं," आणि कॅमेऱ्याला तेल घालायला घेतलं.

शाळेच्या मैदानात मधोमध कॅमेरा लावला. चार बाजूंना पोत्यांचे ढीग रचले. पहिल्या ढिगापुढे अकराजण टोप घालून, बंदूक धरून, छाती काढून उभे राहिले. भिंग त्यांच्यावरून सरकलं मात्र, पोस्टमास्तरांनी शिट्टी मारली आणि सगळे सुटले. मी कॅमेऱ्याखाली उकिडवी बसलेली, आणि माझ्या डोक्यामागून अकरा जोडी बूट धडधडत गेले. दुसऱ्या ढिगापाशी पोचले, वळले, छाती काढली. पुन्हा शिट्टी. बेकरीवाल्याचा टोप खाटकाच्या डोक्यावर आणि खाटकाची बंदूक बेकरीवाल्याच्या पायात. खाटीक जो आडवा झाला तो तिथेच पडून हसत राहिला. तिसऱ्या आणि चौथ्या ढिगापाशी तो नाहीच. हसून हसून माझी मुरकुंडी वळली, स्टँड हलू नये म्हणून मी तोंडात रुमाल कोंबला.

चव्वेचाळीसातून खाटकाचे दोन गेले, बेचाळीस उरले. गरज चाळीसची. घोडं गंगेत न्हालं म्हणायचं.

फोटो छापला तर दीड हात लांब. चेहरे वाटाण्याएवढे, पण वाटाणे तेच तेच. मग मी बारीक ब्रश घेऊन बसले. बेकरीवाल्याला दुसऱ्यांदा मिशी दिली, तिसऱ्यांदा दाढी, चौथ्यांदा चष्मा. पोस्टमास्तरांना एकदा तरुण केलं, ते खूश झाले. हात सुटला की मी थांबत नाही, एकाच्या गालावर तलवारीचा वार काढला. पाकीट रवाना झालं आणि त्या दिवशी आम्ही सगळे विनाकारण हसत होतो.

दहाव्या दिवशी तपासणी अधिकारी आला. बुटका, नीटनेटका, खिशात स्वतःचं भिंग. त्याने माझ्या टेबलावर फोटो पसरला, टोकांवर माझ्याच फिल्मचे डबे ठेवले आणि तुकडीला समोर उभं केलं.

"बाकीचे एकतीस कुठे आहेत?"

पोस्टमास्तर छताकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, बाकीचे कॅमेऱ्याच्या मागे आहेत."

"ते माझ्या लक्षात आलंय," तो म्हणाला. "बाई, मिश्या उत्तम काढल्यात तुम्ही. पण हे गुडघे." त्याने भिंग चार ठिकाणी ठेवलं. चारही ठिकाणी आमचे हे. माणसाला मिशी लावता येते हो, गुडघ्यांना काय लावणार?

मला वाटलं, आता बेड्या. पण त्या माणसाचं डोकं भलतीकडेच चाललं होतं. "पहिल्या जागी सगळे ताठ आहेत," तो म्हणाला. "दुसऱ्या जागी तोंडं उघडी. तिसऱ्या जागी एकजण पोत्यांना धरून. चौथ्या जागी तर वाताहत. आणि हा माणूस बघा. चारही वेळा ताठ, तोंड मिटलेलं, टोप जागेवर. माझी विशीतली पोरं असं धावत नाहीत. याला पुलावर कशाला ठेवलाय?"

हे लाजले. लाजले, सांगते काय. तीस वर्षांत यांच्या शरीराबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता, मीसुद्धा नाही.

साहेबाने वही काढली. "फसवणुकीसाठी माझ्याकडे फॉर्म नाही. उद्या दुपारी याच मैदानाला तीन फेऱ्या, टोप आणि बंदुकीसकट. न थांबता पूर्ण करेल तो आघाडीवर. उरलेले इथेच राहा, मला बंदरावर धापा टाकणारे नकोत."

बंदर परवडलं होतं की हो.

सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "अहो, पहिल्याच फेरीत बसायचं. कळलं?"

हे कपात बघत म्हणाले, "अगं, गेलो तर तो भेटेल तरी."

"आघाडी म्हणजे काय मामाचं घर आहे, गेलात की दारात उभा? केवढी ती रेषा, तुम्हीच नकाशावर काढता ना पोरांना?"

"हो," हे म्हणाले. "दोनशे मैल."

"मग?"

"बघू," म्हणाले. त्या 'बघू'चा मला इतका राग आला की कप मीच विसळले, मीच आपटले.

दुपारी अख्खं गाव मैदानात. साहेब खुर्चीवर, हातात घड्याळ. शिट्टी झाली. खाटीक पहिल्या वळणावर पोट धरून बसला आणि लोकांना हात हलवायला लागला. बेकरीवाला असा कोसळला की बायकोने टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तर धावता धावता शिट्टी मारत होते, म्हणून त्यांचा दम खरोखरच संपला. दुसरी फेरी निम्मी होईपर्यंत मैदानभर माणसं पसरली होती, आणि साहेब एकेकापुढे फुली मारत होता.

धावत राहिले फक्त आमचे हे. आणि काय धावत होते. ते पाय, ज्यांना गाव हसलं, मीही हसले, ते लांब लांब पडत होते, गुडघे कुठे आपटत नव्हते, टोपसुद्धा हलत नव्हता. शाळेची पोरं ओरडायला लागली, बगळे मास्तर, बगळे मास्तर. मग त्यांचे आईबाप. मग खाली पडलेला खाटीकसुद्धा. यांचा चेहरा उजळला होता. आमच्या लग्नातही एवढा उजळला नव्हता, आणि मला वाईट वाटण्याऐवजी, काय सांगू, अभिमानच वाटत होता. जा, धावा, असं मनात म्हणत होते आणि त्याच वेळी थांबा, थांबा असंही.

तिसरी फेरी संपत आली. शेवटची रेषा पंधरा पावलांवर होती. तिथून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडणार होते. गावाला माहीत आहे माझा आवाज, नदीपलीकडे जातो. पण जा म्हणू की थांबा, तेच ठरेना.

हे थांबले. बंदूक नीट बाजूला ठेवली, टोप काढला आणि मैदानात मांडी घालून बसले.

आरडाओरडा एकदम बंद झाला. मग पोरं हसायला लागली, मग सगळेच. साहेब खुर्चीवरून उठून आला.

"काय झालं?"

"दम संपला साहेब," हे म्हणाले. झोपेतून उठलेल्या माणसासारखा संथ श्वास चालला होता.

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पेन्सिल हातात धरून उभा होता. मग फुली मारली, वही मिटली आणि गाडीकडे गेला.

लोक हसत हसत पांगले. मी चालत गेले आणि यांच्याशेजारी मातीत बसले, चांगले कपडे होते अंगावर तरी.

"पहिला आलो असतो," हे हळूच म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं. यांना उठवायला हात पुढे केला, पण मीही अजून खालीच बसलेली. शेवटी यांनीच मला धरून उठवलं.