न फुललेली गोळी

व्हर्लीन वर्षभर ड्वाइट टकेटच्या वाटेवर डोळे लावून बसली होती. शिकारीचा हंगाम तोंडावर आला की तो तिच्या बंदुकांच्या दुकानात येणारच, याची तिला खात्री होती. वायोमिंगच्या त्या खोऱ्यात रायफलीच्या गोळ्या निवडून द्यायला दुसरं होतं कोण?

गेल्या हंगामात कुणीतरी दरीपलीकडून एका एल्कला, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाला, जखमी करून तसंच सोडलं. ज्याने जखमी केलं त्यानेच माग काढून जनावर संपवायचं, हा तिथला रिवाज. पण बर्फातलं रक्त दिसलं तिच्या नवऱ्याला, आर्लनला. त्याला राहवलं नाही. तो मागावर गेला आणि हिमवादळात सापडला. मेलेल्या एल्कशेजारी तोही गोठलेला मिळाला. त्या दिवशी पलीकडच्या कड्यावर एकटा ड्वाइट होता. पण "माझा नेम चुकला," असं तो दफनाच्या वेळीही शपथेवर सांगत होता. व्हर्लीनचं रक्त तेव्हापासून उकळत होतं.

आज तो आला. शेगडीपाशी काही शिकारी कॉफी पीत होते, त्यांत आर्लनचा भाऊ हायरमही.

"दरीपलीकडे मारायला काहीतरी जबरदस्त दे," ड्वाइट म्हणाला.

"गेल्या वर्षी काय वापरलंस?"

"ती अख्ख्या तांब्याची. भिकार गोळी!"

"गोळीला कशाला नावं ठेवतोस? नेम तुझा चुकला ना?" व्हर्लीन हसली. "म्हातारा झालास रे!"

शिकारी खो खो हसले. ड्वाइटचे कान लाल झाले.

"नेम चुकतोय कुणाचा! बरोब्बर खांद्यामागे बसली होती. आत शिरली की टोक पसरून फुलायला हवी ना, पण एवढ्या लांब जाऊन वेग मेला तिचा, फुललीच नाही. सुई टोचावी तशी आत गेली, अन् ते धूड निघालं चालायला!"

हसू थांबलं. आपण काय बोललो ते ड्वाइटला सगळ्यांत शेवटी कळलं.

व्हर्लीनने खिशातून तांब्याची एक गोळी काढून त्याच्यापुढे ठेवली. तिचं टोक शाबूत होतं.

"खरंय, नाही फुलली. त्या एल्कच्या पलीकडच्या कुशीच्या कातड्याखालून मीच काढलीय."

"मागावर का नाही गेलास?" हायरमने विचारलं.

"बर्फ पडायला लागला होता..."

"आर्लनवरही तोच पडत होता."

एकेकाने ड्वाइटकडे पाठ फिरवली. यापुढे त्याला कुणी आपल्या शिकारीच्या तळावर घेणार नव्हतं. तो दाराकडे वळला. वर्षभरात पहिल्यांदा व्हर्लीनला मनापासून बरं वाटलं, पण तेवढ्याने तिचं भागलं नाही.

"थांब," ती म्हणाली. "ती गोळी उचल. तुझी आहे."