ओडेल प्रुइटचे बारा टक्के

लोक खोटं बोलतात हे मला कुणी सांगायला नको. मी त्याचाच पगार घेते. अध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे की नापसंत, हे देशभर फोन करून विचारायचं आणि सोमवारी सकाळी आकडा वर नेऊन द्यायचा, हे माझं काम. असे तीन अध्यक्ष झाले. आकडा चढला की त्यांची पुण्याई, उतरला की माझी पद्धत चुकलेली.

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. लोकांना नावं वाचून दाखवायची आणि प्रत्येकाबद्दल मत विचारायचं, तेव्हा त्यात एक खोटं नाव घुसवायचं. जगात नसलेल्या माणसाबद्दलही शंभरातले आठ-दहा जण ठासून मत देतात. बाकीच्या नावांबद्दलही तेवढे लोक थापा मारत असणार, असं आम्ही धरून चालतो. मागच्या खेपेला मी मनाने रचलेलं नाव कॅन्ससमधल्या एका दंतवैद्याचं निघालं आणि त्याने वकिलाची नोटीस धाडली. म्हणून या खेपेला ठरवलं, आधी विचारता येईल अशा माणसाचंच नाव घ्यायचं.

ओडेल प्रुइट आमच्याच इमारतीच्या तळघरात, पत्र विभागात सव्वीस वर्षं होता. शंभरी गाठलेल्यांना अध्यक्षांच्या सहीचं शुभेच्छापत्र पाठवायचं, एवढंच त्याचं टेबल. सही यंत्र करायचं. पण म्हातारं माणूस अजून हयात आहे ना, उगाच पत्राने घरच्यांना रडवायला नको, म्हणून ओडेल प्रत्येक घरी स्वतः फोन करायचा. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. तो माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा, पण आमच्यात अहो-जाहो कधी नव्हतं.

"तुझं नाव दे ना मला आठवडाभर," मी म्हटलं. "देशात कुणालाही माहीत नसलेला माणूस हवाय."

"घे की. नाहीतरी पडूनच असतं," तो म्हणाला आणि त्याने लोणच्याची काकडी माझ्या डब्यात टाकली.

तेव्हा पूरग्रस्तांच्या घरांचं प्रकरण पेटलं होतं. अध्यक्षांच्या कॉलेजमधल्या मित्राला कंत्राट मिळालं, छपरं कोसळली आणि एकोणीस माणसं गेली. एका इंजिनियरने सहा महिने आधी अध्यक्षांना पत्र लिहून बजावलं होतं. अध्यक्ष टीव्हीवर म्हणाले, ते पत्र माझ्यापर्यंत आलंच नाही. पसंती बावन्नवरून एकोणचाळीसवर आली. मग वरून हुकूम आला: कोणाला काढलं तर लोक शांत होतील, ते विचारा. तीन बडी नावं आली. चौथं मी घातलं, ओडेलचं. प्रत्येक नावाबद्दल विचारायचं होतं, काढा की राहू द्या.

सोमवारी सकाळी मी कागद टिलटसनपुढे ठेवला. टिलटसन म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाचा प्रमुख. कोणाला कधी बुडवायचं, हे तोच ठरवतो.

"पहिल्याला काढता येणार नाही, त्याच्या मुठीत सिनेटची सहा मतं आहेत," तो म्हणाला. "दुसरीला सगळं माहीत आहे. तिसरा अध्यक्षांचा व्याही. आणि हा प्रुइट कोण? अडतीस टक्के म्हणतात याला काढा."

मला हसू आलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. "तो कोणीच नाही हो. खोटं नाव आहे ते. एरवी आठ-दहा टक्के असतात, या वेळी लोक चिडलेत, दिसेल त्याला काढा म्हणतायत. बिचारा खाली पत्र विभागात वाढदिवसाची कार्डं पाठवतो."

टिलटसनने पेन खाली ठेवलं. "पत्र विभागात?"

मी काय बोलून बसले, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"त्याच्या टेबलावर फक्त शंभरीची पत्रं येतात," मी म्हटलं. "इंजिनियरचं पत्र त्याच्याकडे येणंच शक्य नाही. आणि हे अडतीस टक्के थापाडे आहेत. तो आकडा थापाडे मोजायलाच असतो."

"ते मतदान करतात ना?"

"करतात."

"मग झालं तर. बाई, अकरा दिवस मी शोधतोय असा माणूस. ज्याला लोक काढा म्हणतात आणि ज्याच्यासाठी कोणी भांडणार नाही."

मी भांडले असते तर तो शब्द खोटा ठरला असता. माझ्याकडे तीन वार्ताहरांचे नंबर होते. एक फोन पुरला असता. मी खाली माझ्या खोलीत गेले आणि पुढच्या आठवड्याचे प्रश्न तयार करत बसले. घाबरले होते, दुसरं काही नाही.

शुक्रवारी जाहीर झालं की पत्र हाताळण्यात अक्षम्य हलगर्जी करणाऱ्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला. सव्वीस वर्षांत ओडेलला कोणी अधिकारी म्हटलं नव्हतं. टीव्हीवर त्याचा ओळखपत्रावरचा फोटो दाखवला. संध्याकाळी नॉर्थ डकोटाहून आईचा फोन आला.

"बघितलंस त्या प्रुइटला? एकोणीस जीव खाल्ले मेल्याने. मला तर पहिल्यापासून त्याचा संशय होता."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, आई?"

"अगं, नाव ऐकलं होतं ना मी."

दहा दिवसांनी पसंती एक्केचाळीस झाली. वर केक कापला. दोन टक्के वाढ आणि आमच्या मोजणीत तीन टक्क्यांची चूक धरलेलीच असते, म्हणजे काहीच वाढलं नव्हतं. हे मी कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. तिथपर्यंत कोणी वाचलं नाही.

मग एका दुपारी जेवणाच्या वेळेला ओडेलचा फोन आला. मी उचलणार नव्हते. उचलला.

"थोरा, एक विचारू? त्या यादीत मला काढा म्हणणारे अडतीस, ते पेपरात आलंय. राहू द्या म्हणणारे किती होते?"

"ओडेल, मी..."

"आकडा सांग ना. आकडे देणारी आहेस तू."

"बारा टक्के."

"किती लोकांना विचारलं होतंस?"

"अकराशे."

तो पुटपुटत गुणाकार करत होता. "एकशे बत्तीस," तो म्हणाला. "चर्चमध्ये आता कोणी आमच्या बाकावर बसत नाही. बायको रोज रडते. तिला सांगतो, एकशे बत्तीस माणसं आपल्या बाजूची आहेत म्हणून."

तेही थापाच मारत होते. हे त्याला माहीत होतं; ती युक्ती मीच त्याला डबा खाताना समजावली होती.

"सांग," मी म्हटलं.