पॉलिशच्या डब्यांमागची पेटी

सकाळी आमच्या मालकीण ताई फर्निचरच्या कारखान्याचे शटर वर करतात, तेव्हा आधी उजेड आत येतो आणि मग लाकडाच्या भुशाचा वास बाहेर जातो. थोरले सुतार पटाशीला धार लावतात. त्यांचा धाकटा भाऊ पॉलिशच्या डब्यांची झाकणे उघडतो. लाकडाचा आरसा करतो, म्हणून सगळे त्याला 'चकाकी' म्हणतात. मित्रांनो, हे सारे मी भिंतीवरून पाहते. मी या कारखान्यातली जुनी प्रथमोपचार पेटी आहे.

माझा जन्म इथलाच. एका कपाटातून उरलेल्या प्लायवूडच्या तुकड्यांतून थोरल्यांनी मला घडवले. ताईंनी माझ्यात कापूस, पट्ट्या, कात्री, मलम असे सगळे नीट लावून ठेवले. जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात व्हॉलीबॉल रंगे. एकदा चेंडूमागे धावताना ताईंचाच गुडघा फुटला. थोरल्यांनी तो धुऊन पट्टी बांधली आणि माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाले, "गुणाची गं माझी पेटी!" त्या दिवशी मला आभाळ ठेंगणे झाले होते.

पुढे बराच काळ कुणाला काही लागले नाही. लागले नाही, म्हणून माझी आठवणही उरली नाही. मी तेव्हा एका फळीवर होते; माझ्यासमोर पॉलिशचे डबे रचले गेले. आठवण ठेवली ती एकट्या चकाकीने, पण वेगळ्याच कामासाठी. पॉलिश फिरवायला त्याला कापसाचा बोळा लागे आणि माझा कापूस मऊ, स्वच्छ, तंतू न सोडणारा.

"ताई, या पेटीतला कापूस म्हणजे लोणी आहे लोणी!"

"आणि कुणाला लागलं तर?"

"उद्या आणून ठेवतो की. आज कुणाला मुहूर्त सापडलाय लागायला?"

सगळे हसले. खोटे कशाला सांगू, मलाही हसू आले. चकाकी मनाचा वाईट नव्हता. त्याचा 'उद्या' तेवढा फार लांबचा होता; कापूस संपल्यावर पट्ट्याही पॉलिशलाच गेल्या.

मग एका दुपारी पटाशी सटकली. थोरल्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल जखम झाली. ज्या हाताने ते लाकूड धरत, तोच हात. तो गेला असता तर त्यांची सुतारकीच गेली असती.

"पेटी! पेटी कुठंय?" ताई ओरडल्या.

चकाकीने डबे भराभर बाजूला सारले आणि मला उघडले. आत होती एक कात्री, वाळून गेलेले मलम आणि कापसाचा नुसता निळा कागद. तो माझ्याकडे पाहतच राहिला. समोर नुकतेच पॉलिश केलेले टेबल होते. माझाच कापूस त्यावर फिरला होता आणि आता त्याच चकचकीत फळीवर रक्ताचे थेंब पडत होते.

ताईंनी आपला धुतलेला रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरला. "हात वर धरा, खाली करू नका," असे बजावत त्यांनी थोरल्यांना टेंपोत बसवले. त्या दुपारभर चकाकीने कशालाच हात लावला नाही.

अंगठा वाचला. शीर थोडक्यात बचावली, असे डॉक्टर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी थोरले कामावर आले. टेबलावरून बोटे फिरवत ते धाकट्याला म्हणाले, "काही म्हण, टेबल मात्र आरसा झालंय हं."

"दादा, त्यापेक्षा शिव्या घाल रे."

"शिव्यांनी पेटी भरते का वेड्या?"

मित्रांनो, आम्हा पेट्यांचे नशीब विचित्र आहे. आमचे काम पडू नये असेच सगळ्यांना वाटते आणि ते योग्यच आहे. पण काम पडले नाही म्हणून आम्हाला रिकामे ठेवू नका. आमच्या भरलेपणाची परीक्षा नेमकी तुमच्या घाईच्या क्षणी होते.

थोरले परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी चकाकी आला. त्याने मला पुसले, नवा कापूस, पट्ट्या आणि मलम भरले आणि दाराशेजारी, कुणाचाही हात पोचेल अशा खिळ्यावर अडकवले. पॉलिशच्या कापसाचा वेगळा डबा करून तो दूरच्या फळीवर ठेवला.

दुपारी अंगणातून हाका आल्या. "चकाकी, चल लवकर! सर्व्हिस तुझी आहे!"

तो दारापर्यंत गेला, थांबला आणि मागे वळला. मला खिळ्यावरून काढून त्याने अंगणात नेले, जाळीच्या खांबाला माझी कडी अडकवली, आणि मगच चेंडू हातात घेतला.