म्हाळाचं पान

माझ्या हातच्या जेवणाला न्हाय म्हणणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत सांगत आले, आणि मग समर्थ जन्माला आला.

हा माझा नातू. सहा वर्षांचं पोरगं, दसऱ्याची सुट्टी पितरपाटातच लागली तसं बेंगळूरहून हिंडलग्याला आलं, ते दहीभात सोडून कशाला हात लावंना. सून रूपाली वाटी घेऊन त्याच्यामागं घरभर फिरायची. मी तिला सुनावलं, तुझ्या लाडानंच वाया चाललंय, माझ्या ताब्यात दे. नणंद जयाबाईपुढं पैजच लावली, की आजोबाच्या म्हाळाला ह्यो पान चाटूनपुसून खाणार. न्हाय खाल्लं, तर परत कुणाला अक्कल शिकवायची न्हाय.

पैज गेली खड्ड्यात. मालक गेल्यापासनं घर खायला उठलंय. नातवानं माझ्या हातचं पोटभर खावं, एवढीच आस हुती.

म्हाळादिवशी पहाटेपासनं राबले. गवार, भोपळा, कारलं, खीर, उडदाचे वडे. मालकांचं पान गच्चीवर ठेवलं. कावळा शिवल्याबगर घरात कुणी जेवायचं न्हाय, ही आमची रीत. आणि कावळा काय येईना. माझा ल्योक नागेंद्र हात जोडून उभा. जयाबाई म्हणाली, दादाचं काय तरी राहिलंय. मग मी भडंग आणलं, चहा आणला, निपाणीची तंबाखू ठेवली. तुमच्या मनात असंल ते करू, पण चार घास खावा, म्हणून किती विनवलं. समर्थ कठड्याला टेकून सगळं बघत हुता.

शेवटी एक कावळा उतरला. गवारीकडं त्यानं ढुंकूनबी बघितलं न्हाय. वडा उचलला आणि उडाला. सगळ्यांनी हात जोडले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दादाच गं," जयाबाई कौतुकानं म्हणाली. "असाच खायाचा. वडा तेवढा."

खाली पंगत बसली. समर्थला मी सगळं वाढलं आणि त्याच्यापुढं ठाण मांडलं. पोरानं पान नीट न्याहाळलं, वडा उचलला, खाल्ला आणि उठला.

"आजी, मी शिवलो," म्हणाला. "आता तुम्ही जेवा."

रूपाली मान खाली घालून हसू दाबत हुती. जयाबाई माझ्याकडं बघत बसली.

त्याला परत बसवून अजून दोन वडे वाढले. ते मात्र त्यानं मिटक्या मारत खाल्ले. त्याचं पान मग माझ्याकडं ओढलं आणि गवार, कारलं, सगळं गपगुमान संपवलं. जड काय गेलं न्हाय. मालकांच्या पानातलंबी जन्मभर मीच संपवत आले.