दोन मालकांचा पडदा

पडद्याच्या तळाचा लोखंडी पाइप नणंदेच्या नाकासमोरून सरकन खाली आला आणि रंगमंचाच्या फळ्यांवर धाडकन आदळला. ती जरा पुढे असती तर... तालीम जागच्या जागी थिजली.

प्रेक्षागृहात बसलेल्या वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. पडदा वर-खाली करणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता, नणंदेच्या हौशी नाटकमंडळींसाठी, मोठ्या उत्साहाने.

"पडदा हलू नये म्हणून मी टॅबवरून कुलूप लावलं होतं!" नेपथ्यवाले काका विंगेतून टॅब नाचवत आले. "हे बघा, लाल आहे!"

"माझ्याकडे हिरवं होतं," दिग्दर्शक पांढराफटक पडला होता. "म्हणून तर मी 'खाली' दाबलं."

वहिनीने लॅपटॉप उघडला. कारण लगेच सापडलं, तेच जास्त भयंकर वाटलं. टॅब जोडला की प्रोग्राम पडद्यासाठी नवा नियंत्रक ऑब्जेक्ट, म्हणजे पडदा हलवणारा नवा कारभारीच, बनवत होता. काकांनी आपल्या नियंत्रकाला कुलूप लावलं. दिग्दर्शकाच्या नियंत्रकाला त्याचा पत्ताच नव्हता.

"वहिनी, मला कळेल असं सांग," नणंद म्हणाली.

"पडदा एक, आणि सांभाळायला मी दोघं नेमले. त्यांची ओळखही करून दिली नाही."

"म्हणजे माझ्या जिवावर दोघं उठले होते!"

वहिनी पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

याला उपाय सिंगलटन, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामात त्या कामासाठी एकच ऑब्जेक्ट, हे वहिनीला पाठ होतं. नोकरीच्या मुलाखतीत तिने व्याख्या घडाघडा म्हटली होती. पण 'एकच ऑब्जेक्ट' म्हणजे काय, हे त्या पाइपाकडे बघून आज पहिल्यांदा खरोखर उमगलं. नवा नियंत्रक बनवायची वाट तिने बाहेरच्यांसाठी बंद केली. मागायचा तो एकाच दारातून. आधीच असेल तर तोच मिळेल, नसेल तरच बनेल. काकांनी कुलूप लावलं, दिग्दर्शकाचा टॅबही लाल झाला.

"झालं की!" दिग्दर्शकाने सुटकेचा श्वास टाकला. "पुन्हा सगळं सुरू करा, तालीम घेऊ."

काकांनी कुलूप काढून पडदा वर नेला, सगळं बंद केलं आणि मग घाईत त्या दोघांनी टॅब एकदमच चालू केले. लॅपटॉपवर ओळ उमटली, 'नियंत्रक तयार'. खाली लगेच तीच ओळ पुन्हा.

वहिनी ताडकन उठली.

"थांबा! कुणी पडद्याखाली जाऊ नका!"

दोन्ही टॅबनी एकाच क्षणी विचारलं होतं, 'नियंत्रक आहे का?' दोघांनाही उत्तर मिळालं, 'नाही'. दोघांसाठी एकेक बनला.

तिने मागितल्यावर बनवण्याची भानगडच काढून टाकली. आता कुठलाही टॅब जोडला जाण्याआधी, प्रोग्राम सुरू होतानाच, नियंत्रक तयार होऊन बसायचा. टॅब पुन्हा पुन्हा एकदम चालू करून पाहिले. दर वेळी ओळ एकच.

"आता जाऊ का?" नणंदेने विचारलं.

"आधी मी."

वहिनी पाइपाखाली जाऊन उभी राहिली. काकांनी कुलूप लावलं. दिग्दर्शकाचं बोट काही केल्या टॅबवर टेकेना.

"दाबा हो!" ती ओरडली.

त्याने दाबलं. पाइप हलला नाही. नणंदेने धावत येऊन वहिनीला कवेत घेतलं.